कालव्याकडून जाऊ नकोस

दिवा बंदच राहू दे, गुंजन. मेणबत्ती पुरे. आणि कुशल, तो फोन पालथा ठेव. ऐकणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडला की त्याचं लक्ष उडतं आणि सांगणाऱ्याचं डोकं फिरतं. खरी घडलेली गोष्ट हवी म्हणालात ना? मग मधेमधे 'बट व्हाय काका' करायचं नाही. मला स्वतःलाही 'व्हाय' माहीत नाही.

आपल्या शेजारच्या घरात, आता ते पोलिश जोडपं राहतं ना, तिथे श्रीकांत आणि मृण्मयी राहायचे. श्रीकांत फेल्डहोवनला नोकरीला. शिक्षण पुण्याचं, वाढलेला सांगलीकडे. पोरगा हुशार, पण नियमाचा इतका भक्त की रात्री रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नल हिरवा होईपर्यंत सायकलवर ताटकळत उभा राहायचा. मृण्मयीला तेव्हा आठवा महिना होता. आणि डोहाळे कसले, तर खरवसाचे! इथल्या सुपरमार्केटात दह्याचे चाळीस प्रकार मिळतात, पण चीक मागितला तर तो पोऱ्या आपल्याकडे बघत बसतो.

न्यूनेनच्या बाहेर, कालव्यापलीकडे एक लहान गाव आहे. नाव सांगत नाही, तुम्ही लगेच मॅपवर शोधाल. तिथे नेल नावाची म्हातारी एकटीच राहते. चार गाई, थोड्या कोंबड्या. श्रीकांत तिच्याकडून अंडी आणायचा. त्याने तिला मोडक्यातोडक्या डचमध्ये खरवस समजावून सांगितला. ती पोट धरून हसली, पण म्हणाली, "गाय व्याली की कळवते. पैसे नकोत. वासराचं पोट भरून उरेल ते तुझं."

आता तारीख ऐका. गेल्या जूनमधली पंचवीस, बुधवार. ज्येष्ठातली अमावस्या.

तुम्ही दोघं तेव्हा इथे आला नव्हता. त्या आठवड्यात नुसता उकाडा होता, आणि सोमवारी संध्याकाळी पहिली विंडहोस आली. आपल्याकडची वावटळ पाचोळा उडवते. ही गोठा उडवते. पलीकडच्या दोन-तीन गावांची कौलं गेली, काचेच्या हरितगृहांचा चुरा झाला, पॉप्लरची झाडं रांगच्या रांग आडवी झाली. लोक आवरायला लागतायत तोवर मंगळवारी दुपारी दुसरी आली. बुधवारी परत कोड ऑरेंज, म्हणजे वादळाचा इशारा. तीन दिवस माणसं आभाळाकडे बघूनच जेवत होती.

त्यात चोर. उघड्या पडलेल्या घरांतून तांब्याच्या नळ्या, अवजारं, जे हाताला लागेल ते गायब व्हायला लागलं. मग गावकरी पहारा द्यायला लागले. अनोळखी गाडी दिसली की नंबराचा एक फोटो. आत सावळा माणूस असला तर दोन फोटो. हसू नका, खरं सांगतोय.

आणि नेमका त्याच बुधवारी सकाळी नेलचा मेसेज आला, तिच्या जावयाने रेंजमध्ये येऊन पाठवलेला. वासरू झालं, ये.

मृण्मयीने साफ नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी ती आमच्याकडे येऊन बसली. "काका, तुम्ही तरी सांगा ना त्याला. मला नको तो खरवस. इथे लाइट जातायत, उद्या मला काही झालं तर मी कोणाला हाक मारू?" मी सांगून पाहिलं. पण तो म्हणतो कसा, "काका, उद्यापर्यंत त्याचं साधं दूध होईल. तासाभरात परत येतो." तुमची मेधाकाकू तर त्याहून पुढची. तिन्हीसांजेनंतर दूध बाहेरून आणायचं तर त्यात कोळसा हवा म्हणून तिने बार्बेक्यूच्या पिशवीतला एक तुकडा त्याच्या खिशात कोंबला!

तो निघाला तेव्हा चांगला उजेड होता. जूनमध्ये इथे दहापर्यंत अंधार पडत नाही. पण पलीकडच्या गावात वीज नाही, मोबाइलचा खांब पडलेला, त्यामुळे फोनला रेंज नाही. तो चर्चवरून गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पडलेल्या झाडांचे ओंडके कापून रचले होते. नेलच्या घराचं अर्धं छप्पर नव्हतंच. गोठा मात्र शाबूत.

गोठ्यात मिट्ट काळोख.

"दार लावून घे," आतून आवाज आला.

श्रीकांतने दार ओढलं. "नेल? दिवा लावू?"

"नको."

त्याने तरी फोनचा टॉर्च लावला. म्हातारी गाईशेजारी बसलेली होती. तिने चटकन उठून टॉर्चवर पंजा ठेवला. पंजा गारढोण. सगळीकडे पुन्हा काळोख. तशातच तिने त्याचा कडीचा डबा घेतला आणि चीक ओतला. एक थेंब सांडला नाही.

"कुठून आलास?"

"चर्चवरून."

"तसाच जा. कालव्याकडून जाऊ नकोस. कोणीही सांगितलं तरी."

"कोण सांगणार?"

म्हातारीने डबा त्याच्या हातात दिला आणि दार फटीएवढं उघडलं...

काय गुंजन? म्हातारी भूत होती? घाई बघा हिची! शेवटची बस चुकतेय का तुझी?

अगं, श्रीकांतलाही तेच वाटलं. सांगलीकडचा माणूस, त्याने पहिल्यांदा तिची पावलं बघितली. उलटी असली म्हणजे संपलं. पण तिच्या पायात लाकडी बूट. त्यात काय कळणार, कपाळ? पैसे घेत नाही, दिवा लावू देत नाही, डोळ्याला डोळा देत नाही. बाहेर येईपर्यंत त्याच्या मनात दुसरा संशय शिरला होता. भूतबित काही नाही, म्हातारी चोरांना सामील असेल. चर्चच्या रस्त्यावर तिची माणसं थांबलेली असतील. म्हणून मला मुद्दाम तिकडे पाठवतेय.

संशयाचं असंच असतं. एकदा बसला की देवळातल्या पुजाऱ्यावरही बसतो.

गाडीत बसला. डबा शेजारच्या सीटखाली, पायाशी ठेवला. आभाळ एव्हाना खाली आलं होतं. हिरवट, जुन्या पितळेच्या रंगाचं. गावाबाहेर एक चौक आहे. डावीकडे चर्च, सरळ गेलं की कालवा. चौकात एक माणूस उभा होता. पिवळं, चमकणारं जॅकेट. हातात लाल दिव्याचा दांडा. रस्ता अडवायचा लाल-पांढरा कठडा बाजूला गवतात पडला होता.

त्याने हात केला. श्रीकांतने काच खाली घेतली.

"चर्चचा रस्ता बंद," तो माणूस म्हणाला. "झाडं पडलीत. कालव्याकडून जा."

"मी तर आत्ता तिकडूनच आलो."

"बंद आहे."

दमलेला, पण शांत आवाज. खूप वेळ तेच ते सांगत असल्यासारखा. जॅकेटच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं. पाऊस तर अजून सुरू झाला नव्हता... पण श्रीकांतने विचार केला, दिवसभर उभा असेल बिचारा.

आणि इथे मला आपल्या लोकांचा राग येतो. कुशल, तुझ्याबद्दलही बोलतोय मी! आपण परमिटवर आलेली माणसं. अंगात चमकणारं जॅकेट दिसलं की आपण आतला माणूस बघत नाही. तू कोण, कोणी पाठवलं, ओळखपत्र दाखव... विचारेल कोणी? श्रीकांतने 'थँक यू' म्हटलं आणि गाडी सरळ नेली. ओळखीच्या म्हातारीवर संशय, आणि जॅकेटवर विश्वास.

कालव्याचा रस्ता अरुंद. एका बाजूला पॉप्लर. जेवढे उरले होते तेवढे.

थोडं पुढे गेल्यावर वारा थांबला.

एकदम थांबला. पान हलेना.

श्रीकांतला घरी पोचायची घाई. मृण्मयी वाट बघत असेल. त्याने वेग वाढवला. वळण आलं. डबा कलंडला. झाकण वाजलं, आणि गाडीत चिकाचा वास पसरला.

दुसरा कोणी असता तर तसाच गेला असता. पण एवढी यातायात करून आणलेला चीक! त्याने गाडी थांबवली. उतरला. पलीकडच्या बाजूने जाऊन दार उघडलं. डबा सरळ केला.

तेव्हा त्याला पाण्याचा आवाज आला.

शेजारून नाही. समोरून.

तो गाडीच्या दिव्यांच्या उजेडात थोडा पुढे गेला... आणि जागीच थिजला. भाकरीचा तुकडा मोडावा तसा रस्ता मोडला होता. पूल नव्हता. खाली काळं पाणी.

त्याने मागे बघितलं.

लांबवर लाल दिवा. हलत होता.

पुढे जा. पुढे. पुढे...

श्रीकांत गाडीत शिरला. दारं लॉक केली. वळवायला जागा नाही. तशीच उलटी घेतली. तो जितका मागे येई, तितका लाल दिवा मागे सरके. अंतर तेवढंच. आरशात फक्त दिवा. माणूस नाही.

चौकात आला. चौक रिकामा.

लाल दिवा नाही. काही नाही.

मग चर्चचा रस्ता धरला. तो साफ मोकळा होता. चर्चपाशी एक ट्रॅक्टर आडवा लावलेला. दोघा जणांनी तोंडावर बॅटऱ्या मारल्या.

"खाली उतर. डिकी उघड. डब्यात काय आहे?"

"चीक आहे. नेलने दिलाय."

"एवढ्या रात्री? कशाला?"

आता श्रीकांतचा बांध फुटला. आयुष्यात इथे कोणावर आवाज चढवला नसेल, पण त्या वेळी तो ओरडला. "माझी बायको आठव्या महिन्यात आहे, घरी वाट बघतेय! आणि तुमच्या त्या जॅकेटवाल्याने मला कालव्याकडे पाठवलं! तिकडे पूल नाही! मी मेलो असतो!"



बॅटऱ्या हळूहळू खाली झाल्या. त्यातला थोरला, हेंक त्याचं नाव, त्याने विचारलं, "कसा होता दिसायला?"

"उंच. जॅकेट भिजलेलं. म्हणाला, चर्चचा रस्ता बंद आहे, झाडं पडलीत."

हेंक ट्रॅक्टरच्या पायरीवर मटकन बसला.

मग दुसऱ्याने सांगितलं. सोमवारच्या वादळात चर्चचा रस्ता झाडांनी बंद झाला होता. हेंकचा धाकटा भाऊ योस तेव्हा चौकात उभा राहिला. कोणी सांगितलं नव्हतं, आपणहून. रात्रभर त्याने गाड्या कालव्याकडून काढून दिल्या. माणसं, पोरंबाळं, दवाखान्यात न्यायचे म्हातारे, सगळे सुखरूप गेले. मंगळवारी दुपारी दुसरी विंडहोस कालव्याच्या कडेकडेने आली. तिने पूल नेला. योसलाही नेलं. संध्याकाळी तो कालव्यात सापडला.

चर्चचा रस्ता मोकळा झाला बुधवारी सकाळी.

योसला ते कोणी सांगितलंच नव्हतं.

नाही रे, नेल जिवंत आहे, चांगली ठणठणीत! तिला त्या संध्याकाळी गोठ्यातून चौकातला लाल दिवा दिसला होता. आपल्याकडे उजेड दिसला तर तो इकडे येईल, या भीतीने ती अंधारात बसली होती. श्रीकांतला सांगणार काय, आणि सांगितलं तर तो तिला वेडी म्हणणार. हात गार, कारण भीतीने कोणाचेही होतात.

श्रीकांत दारात आला तेव्हा मृण्मयी नुसती त्याची बाही घट्ट धरून उभी राहिली. मेधाने रात्रीच खरवस लावला. पुढे मुलगी झाली, सानिका. ते सगळं छान झालं. माझा तिथे काही आक्षेप नाही.

पण चौकाचं काय? गावकऱ्यांनी त्याच रात्री कठडा पुन्हा कालव्याच्या रस्त्यावर आडवा लावला. सकाळी बघतात तर गवतात. दुसऱ्या रात्री त्यावर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. सकाळी पिशव्यांसकट गवतात. ओढल्याची खूण नाही. गावात कुजबुज सुरू झाली. काही जण श्रीकांतकडेच बोट दाखवायला लागले, म्हणे हा परका माणूस आला आणि हे सुरू झालं. पण खरी भीती सगळ्यांना एकच होती. पुढच्या गाडीत चिकाचा डबा नसेल. गाडी थांबणार नाही.

शुक्रवारी अंधार पडल्यावर हेंक निघाला. श्रीकांतला म्हणाला, "तू चल. तू त्याच्याशी शेवटचा बोललास." श्रीकांत गेला, पण ट्रॅक्टरमधून खाली उतरला नाही. हेंक चौकाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. रिकाम्या रस्त्याशी बोलायला लागला. साधंच, घरात बोलतात तसं.

"योस... चर्चचा रस्ता मोकळा झालाय. आपणच कापली झाडं. मी, नेलचा जावई, सगळ्यांनी. पूल गेलाय रे. आता कालव्याकडे कोणाला पाठवू नकोस. आणि... तू सगळ्यांना नीट पोचवलंस. एकही गाडी अडकली नाही. आता ये घरी."



पॉप्लरचं पानही हललं नाही.

 हेंक तोंड झाकून रडला. एवढा मोठा बाप्या, पण हमसून हमसून रडला.

शनिवारी सकाळी श्रीकांत मला घेऊन गेला. हो, मी स्वतः बघितलंय. कठडा कालव्याच्या रस्त्यावर उभा होता. सरळ, अगदी मोजून लावल्यासारखा. आणि चौकाच्या मधोमध डांबरावर एक बाण काढलेला. माणसाएवढा लांब, हाताने फराटे ओढून काढलेला. टोक चर्चकडे.

रंग नव्हता तो. मी खाली वाकून बोट लावलं. काळा गाळ. कालव्याच्या तळाशी असतो तसला, कुजक्या पानांचा वास येणारा. बुधवारपासून पावसाचा टिपूस नव्हता. रस्ता कोरडा ठणठणीत, एक पाऊल उमटलेलं नाही. बाण तेवढा ओला.

नगरपालिकेच्या माणसांनी तो दोनदा पाण्याच्या फवाऱ्याने धुतला. दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत रस्ता स्वच्छ. सकाळी बाण पुन्हा ओला.