मिरीची कूस

औषध पाठवलं होतं फुप्फुसातल्या गाठीकडे. मग ते हृदयात जाऊन कसं बसलं?

आबा पडद्याकडे नुसते बघत राहिले. पडद्यावर मिरीचं चित्र होतं. मिरी म्हणजे आबांच्या घरच्या प्रयोगशाळेतली काळ्याभोर डोळ्यांची उंदरीण; नाव त्यांच्या नातीने, मिहिकाने ठेवलेलं. चित्रात तिच्या हृदयावर एक केशरी ठिपका चमकत होता.

“हृदयात साठणारं औषध माणसांना देता येत नाही, मिहू,” आबा हळूच म्हणाले. “सोडून द्यावं लागेल.”

मिहिकाला आजी आठवली. आजीला अशीच गाठ झाली होती. ती गेल्यापासून आबा या औषधाच्या मागे होते. तिची शाल अजून त्यांच्या खुर्चीवर असायची. जवळ गेलं की वेखंडाचा वास यायचा, आणि आजी नुकतीच उठून आत गेली असावी असं वाटायचं.

“पण ठिपका हृदयावरच आहे, हे कशावरून?”

“दोन यंत्रांवरून. पहिलं पेट (शरीरात कुठे काय चाललंय ते दाखवणारं यंत्र). औषधाला आपण मागद्रव्य (किंचित किरण सोडणारा खुणेचा पदार्थ) चिकटवतो. औषध जाईल तिथून किरण येतात, पेट ते टिपतं. पण अवयव त्याला नीट दिसत नाहीत. अंधारात गाव असावं आणि एकच दिवा लागलेला. दिवा दिसतो, घर कुणाचं ते कळत नाही.”

“आणि दुसरं?”

“सीटी (क्ष-किरणांनी आतला आराखडा काढणारं यंत्र). त्याला घरं दिसतात, पण दिवा दिसत नाही. म्हणून दोन्ही चित्रं एकावर एक ठेवायची. मग कळतं, दिवा कुणाकडे लागलाय.”

मिहिका पडद्याजवळ सरकली. “आबा, या सीटीच्या आराखड्यात मिरी कुशीवर आहे. पेटमध्ये जाताना तर पोटावर होती. मी पाहिलंय.”

आबांनी मान वळवली. कोपऱ्यात सखू, घरातली जुनी यंत्रबाई, गुंगीतल्या मिरीखालची उबदार गादी सारखी करत होती.

“सखू, पेट आणि सीटीच्या मधे मिरीला हलवलंस?”

“हलवलं कुठे? नुसती कूस बदलली. किती वेळ तशीच पोटावर पडली होती. मिहू तान्ही असताना तिची नव्हते का बदलत, डोकं चपटं होऊ नये म्हणून? हिची आई तर दारातून सारखी डोकवायची, बदललीस का, बदललीस का.”

मिहिकाला ते आठवणं शक्य नव्हतं. तरी सखूच्या रबरी तळव्यांची ऊब तिला पाठीवर जाणवून गेली.

आबा बऱ्याच दिवसांनी हसले. “म्हणजे गाव फिरलं आणि दिवा जुन्या जागीच राहिला. चल, मागद्रव्य अजून विझलेलं नाही. मिरीला पोटावर ठेवू. त्याच गादीवर, जराही न हलवता, दोन्ही यंत्रांतून पुन्हा. सखू, हात मागे.”

“बरं. मान अवघडली तर मला बोलायचं नाही.”

नवं चित्र उमटलं. हृदय काळोखात होतं. केशरी ठिपका शेजारी, फुप्फुसातल्या गाठीवर नेमका बसला होता.

आबांनी शाल उचलून मांडीवर घेतली.

“मग आता हे औषध माणसांना?” मिहिकाने विचारलं.

“लगेच नाही. अजून पुष्कळ तपासण्या आहेत.”

“पण मग एखाद्या आजीला?”

“मग एखाद्या आजीला.” त्यांचा आवाज जरा ओला होता.

सखू हात मागे बांधून अजून उभीच होती. तिची नजर मिरीवर.

“आता?” तिने विचारलं.

“आता बदल,” आबा म्हणाले.