हब लावायला उतरली ती

"चाकांत हवा भरून येतो," असं बायकोला सांगून कर्नल दुपारी गाडी घेऊन निघाले. आता हवा भरायचं दुकान कोपऱ्यावरच होतं. तेवढ्यासाठी कोणी थर्मासमध्ये चहा घेत नाही, आणि मागच्या बाकावर जाड ब्लँकेट घडी करून ठेवत नाही. बायकोनं दोन्ही पाहिलं. ती हल्ली बोलतच नसे.

कर्नल हे नुसतं म्हणायला हं. सैन्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही, सगळी नोकरी कारखान्यात लेथवर गेली. पण भंगारातली एक जुनी जीप ढकलत ढकलत घरी आणली, त्या दिवसापासून गल्लीनं त्यांना कर्नल करून टाकलं. घरबसल्या बढती. गाडीला ते म्हातारी म्हणत. चौकोनी तोंड, गोल दिवे, आणि पत्रा असा की हातोडी मारली तर हातोडीच दुखावेल. तिचा एकेक भाग त्यांनी स्वतः लेथवर कातून बसवला होता.

नाद बापाचा, पण लेक त्याच्याही चार पावलं पुढं. परकर-फ्रॉकच्या वयापासून तिचे हात ग्रीसमध्ये. आणि तिला आणखी एक वेड, या गाड्यांच्या जुन्या जाहिरातींचं. रद्दीतून, जुन्या मासिकांतून पानं कापून आणायची आणि गॅरेजच्या भिंतीवर चिकटवायची. एका पानात गाडी नदी ओलांडतेय, एकात भला मोठा ओंडका ओढतेय. तिची लाडकी मात्र एकच. डोंगराच्या टोकावर उभी गाडी, आत चौघं पाय बाहेर सोडून हसताहेत, आणि खाली ठळक अक्षरांत, "रस्ता संपला? उत्तम. आता निघू या."

"बाबा, यांचे बूट बघ," ती म्हणायची. "एकाच्याही बुटाला चिखल नाही. मग यांचे हब कोणी लावले?"

हब म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अशा जुन्या गाडीत चारही चाकांना जोर द्यायचा तर नुसता आत बसून दांडा ओढून भागत नाही. कोणीतरी खाली उतरायचं, पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक चकती असते ती हातानं फिरवायची. फिरली की 'कट्' असा आवाज येतो. भर चिखलात, पावसात, कुठंही असा, उतरावंच लागतं. या घरात उतरायची लेक आणि आत बसायचे कर्नल. आधी पलीकडच्या चाकाचा कट्. मग ती बॉनेटसमोरून वळून बापाच्या बाजूला यायची. दुसरा कट्. की म्हातारी चढाला लागलीच.

तर त्या लाडक्या जाहिरातीत गाडीमागं एक दोन शिंगांचा डोंगर दिसत होता. लेकीनं नकाशे धुंडाळून, जुनी छायाचित्रं ताडून तो डोंगर शोधून काढला. सकाळी निघालं तर दुपारी पोचावं एवढ्या अंतरावर. मग काय, हौसेला मोल नाही. तीच जागा, तोच कोन, तसाच फोटो काढायचा, असं दोघांनी ठरवलं आणि निघाले.

वाटेत तासाभरावरच्या खिंडीत धुकं उतरलं. पुढं निसरडा चढ. लेक म्हणाली, "थांब, लावते," आणि उतरली. पलीकडून कट् ऐकू आला. कर्नल आतून काच पुसत होते. त्यांनी क्लचवर पाय ठेवला आणि दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली.

तो आलाच नाही.

ऐकणाऱ्याला वाटतं, तिथं दरी असेल. अहो, दरी नाही तिथं. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला सपाट गवत, शेळीसुद्धा हरवू नये असं. शोधायला आलेल्यांनी गवताची काडी न् काडी उलटी केली. कुत्री आणली. कुत्री पहिल्या चाकापासून निघायची, बॉनेटसमोर यायची आणि तिथंच बसायची. पुढं नाही, मागं नाही. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? कोणी म्हणालं पळून गेली, कोणी बापाकडंच बोट दाखवलं. बायको मात्र एकच वाक्य बोलली. "दोघं गेलात आणि एकटे आलात." मग ते वाक्यच त्या घरात राहायला आलं.

त्यानंतर कर्नल किती वेळा खिंडीत जाऊन आले, त्याला गणती नाही. पण दर वेळी वर लख्ख ऊन. आज सकाळी दूध टाकणारा सहज बोलून गेला की वरच्या अंगाला इतकं धुकं आहे की आपला हात आपल्याला दिसत नाही. कर्नलांच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. असं धुकं तिकडं त्या दिवसानंतर पडलं नव्हतं.

चढ सुरू झाला तसा उजेड पांढरा झाला. आधी झाडं गेली, मग रस्त्याच्या कडेचे दगड गेले, मग म्हातारीचं बॉनेटही पुसट झालं. आवाज सगळे जवळ आले. इंजिनाची धडधड, काचेवरच्या पुसणीची करकर, आणि स्वतःचा श्वास. ओल्या मातीचा वास होता. त्या वासात आणखी काहीतरी होतं, बरेच दिवस बंद असलेल्या पेटीसारखं.

जागा त्यांना दिसण्याची गरजच नव्हती. पाय आपोआप ब्रेकवर गेला. इंजिन चालू ठेवून ते बसून राहिले. उतरून आपणच हब लावायचे आणि पुढं जायचं, हे त्यांना कळत होतं. पण उतरायची आपली पाळी नाही, असंही कुठंतरी वाटत होतं. खुळंच म्हणा. माणूस दुःखात किती खुळा होतो ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

त्यांनी काच खाली केली आणि अगदी हळू म्हटलं, "बाळा... लावतेस ना?"

धुकं खिडकीतून आत आलं.

मग पलीकडच्या चाकापाशी, कट्.

कर्नलांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. बॉनेटसमोरून काहीतरी सरकलं. सावली म्हणावी तर तेवढीही नाही, धुकं तिथं जरासं दाट झालं एवढंच. आणि मग, इतक्या दिवसांनी, त्यांच्या उजव्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, त्यांच्या बाजूच्या चाकात...

कट्.

ते रडले. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून रडले. आपल्याला भीती वाटतेय की आनंद होतोय हे त्यांना उमजेना. तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं, म्हातारीच्या स्प्रिंगच्या पाट्या करकरल्या, गाडी त्या अंगाला जराशी झुकली. दार लागलं.

कर्नलांनी मान वळवली नाही. पाहिलं आणि तिथं कोणी नसलं तर? तो धोका पत्करायची त्यांची ताकद नव्हती. डोळ्याच्या कोपऱ्यातून एवढंच दिसलं की समोरच्या धरायच्या दांड्यावर एक ओला हात आहे. नखांत माती. बाईचा हात.

"आणलंय ब्लँकेट," ते म्हणाले. "मागं आहे... घे."

ब्लँकेट कोणी घेतलं नाही. त्यांनी गाडी वळवली. त्या फोटोचं, त्या शिंगांचं नावही आज काढायचं नव्हतं. उतार लागला आणि कर्नल बोलत सुटले. गॅरेज तसंच ठेवलंय. तुझी पानं एकही काढली नाहीत, एकाचा कोपरा सुटला होता तो मी परत चिकटवला. म्हातारीचा गिअर अजून तिसऱ्यात अडकतो बघ, तू म्हणायचीस तसा हळू ओढावा लागतो. शेजाऱ्यांनी भिंत रंगवली, असला भडक रंग दिलाय, तू हसशील. शेजारून हं नाही, हूं नाही. फक्त पाणी ठिबकायचा आवाज येत होता. पायाखालच्या पत्र्यावर, एकसारखा.

"आई वाट बघतेय," कर्नल म्हणाले.

दांड्यावरचा हात आवळला गेला. बोटांची पेरं पांढरी पडली.

तिन्हीसांजेला गाडी दारात उभी राहिली. इंजिनाच्या आवाजानं बायको बाहेर आली होती, हात ओले, पदराला पुसत. कर्नलांच्या जिवात जीव आला. आता हिनं पाहिलं की झालं. आईच्या नजरेसमोर तरी ती नाहीशी होणार नाही.

"अगं, ये ना," त्यांचा आवाज फुटला. "बघ, कोणाला आणलंय. दोघं आलो."

बायको पायरी उतरून गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेली. वाकली. बराच वेळ पाहत राहिली. रस्त्यावर कोणाची तरी सायकल गेली, घंटी वाजली.

"अहो," ती म्हणाली. किती महिन्यांनी तिनं 'अहो' म्हटलं होतं. "ही आपली नाही."

कर्नलांनी तेव्हाही वळून पाहिलं नाही. "धुक्यात भिजलीय. दमलीय. नीट बघ."

"नऊ महिने पोटात वागवलीय मी. नीटच बघतेय."

तरी कर्नलांचं तोंड सुरूच. "मग मी हिला परत सोडून येतो. आत्ता. धुकं अजून असेल. आपली तिथंच असणार, दुसऱ्या चाकापाशी उभी असणार, मीच घाई केली, मी वळून बघायला..."

"नको," बायको म्हणाली.

तिनं दार उघडलं. आत पाहून, आपल्याच माणसाशी बोलावं तशी ती बोलली, "उतर बाळ. किती गारठलीस. चल आत."

म्हातारीच्या पाट्या पुन्हा करकरल्या. कर्नल समोर बघत होते. त्यांना फक्त अनवाणी पावलांचा ओला आवाज ऐकू आला, पायऱ्यांवरून घरात जाणारा, आणि बायकोचा आवाज. इथं बस. केस पूस. असू दे, फरशी ओली झाली तर होऊ दे. मग भांड्यांचा आवाज. बायको अन्न गरम करत होती. लेक गेल्यापासून त्या स्वयंपाकघरातून इतका माणसांचा आवाज आला नव्हता, आणि तो ऐकून कर्नलांना जितकं एकटं वाटलं तितकं खिंडीतही कधी वाटलं नव्हतं.

ते कसेबसे उतरले आणि पायरीवर बसले. काही वेळानं बायको बाहेर येऊन त्यांच्याशेजारी टेकली. आतला दिवा तिनं लावला नव्हता.

"दिवा नको म्हणते का?" कर्नलांनी विचारलं.

"म्हणत काहीच नाही. मीच लावला नाही... बघवत नाही तिच्याकडं."

"मग कशाला घेतलीस घरात?"

बायको हळू बोलू लागली, शब्द तोडत तोडत. "तिथं धुक्यात कोणाला काय दिसतं हो? तुम्ही कोणाची तरी आणलीत. तशी आपली पण... चुकून दुसऱ्याच गाडीत बसली असेल. त्यांनीही अशीच घरी नेली असेल. त्या बाईलाही कळलं असेल, ही आपली नाही." तिनं कर्नलांचा हात धरला. तिची बोटं बर्फासारखी होती. "पण म्हणून काय तिनं दारातून हाकलली असेल? जेवायला वाढलं असेल ना हो आपल्या लेकीला?"

कर्नल तिची बोटं चोळत राहिले.

आतल्या अंधारात ताट सरकल्याचा आवाज झाला. कोणीतरी ते दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढून घेत होतं.

"नाही वाढलं," आतून उत्तर आलं.