आठ उद्यानं, सात दिवस

“तुमच्या यूटावर माझी चादर ठेवली तर चालेल का?”

मिरेयानं मान वर केली. समोर एक उंच, उन्हानं रापलेला माणूस उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत ड्रायरमधून नुकतीच काढलेली, गरमगरम पांढरी चादर होती. आणि ती ठेवायला खरंच कुठे जागा नव्हती. ॲरिझोनातल्या टुसॉन शहरातल्या त्या लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालायला एकच लांब टेबल होतं, आणि मिरेयानं या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यावर अमेरिकेतल्या वाळवंटी राज्यांचा आपला नकाशा अंथरला होता.

“नाही चालणार,” ती म्हणाली. “यूटामध्ये माझी चार राष्ट्रीय उद्यानं आहेत. हवी तर खाली ॲरिझोनाच्या कोपऱ्यात ठेवा.”

“तिथं तर आपण दोघं आहोत.”

“मग? अडचण होईल तुम्हाला?”

“मला?” तो हसला. “मला कसली अडचण…”

मिरेयाचे कान उगाच गरम झाले. चादरीच्या वाफेनं असतील. तिनं चादरीची दोन टोकं त्याच्या हातातून घेतली आणि म्हणाली, “द्या इकडे. हवेतच घडी घालू. माझा नकाशा हलायचा नाही.”

दोघं समोरासमोर उभे राहिले. एक घडी — एक पाऊल जवळ. दुसरी घडी — आणखी एक पाऊल. चौथ्या घडीला त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि चादर नेमकी कुणी धरायची, हे दोघांनाही क्षणभर सुचेना.

“सात दिवसांत आठ उद्यानं?” नकाशावरची तिची बारीक अक्षरं वाचत तो म्हणाला. “छान. तिथल्या पार्किंगच्या जागा अगदी तोंडपाठ होतील तुमच्या.”

“मी शाळेच्या बासष्ट बसगाड्यांचं वेळापत्रक आखते, समजलं? मिनिटाला मिनिट जुळवते.”

“पण मुलांना शाळेत पोचायचं असतं. वाळवंटात कुठं पोचायचं असतं?”

मिरेयाला तो माणूस फारच आगाऊ वाटला. आणि म्हणूनच बहुधा, घरी जाईपर्यंत ती त्याचाच विचार करत राहिली.

त्याचं नाव एमेट लुंडग्रेन. मूळचा यूटाच्याच एका खेड्यातला. पाच उन्हाळे कॅनियनलँड्सच्या उद्यानात हंगामी रेंजर होता, आणि आता टुसॉनमध्येच वाळवंटी झाडांच्या एका रोपवाटिकेत काम करत होता. ही सगळी माहिती तिला पुढच्या रविवारी मिळाली. कारण पुढच्या रविवारी, त्याच वेळी, तो पुन्हा तिथंच होता. त्याच्या पुढच्या रविवारीही. धुवायचे कपडे संपले तेव्हा मिरेयानं घरचे पडदे आणले. पडदे धुऊन झाले तेव्हा तेच पडदे पुन्हा आणले. एमेटच्या टोपलीत एकदा नुसता एक टॉवेल होता — तोही कोरडा, घडी घातलेला. तिनं टॉवेलकडे पाहिलं, त्यानं पडद्यांकडे पाहिलं.

यंत्रं घुमत राहायची आणि दोघं नकाशावर वाकून भांडायचे.

“डेथ व्हॅलीला साडेतीन तास?” तो म्हणायचा. “तेवढ्यात तिथल्या मिठाच्या मैदानाची साधी चवसुद्धा लागत नाही जिभेला.”

“मीठ चाटायला कोण चाललंय!”

“मी चाटलंय.”

“दिसतंच आहे…”

चौथ्या रविवारी मात्र तो सहज म्हणाला, “एवढी घाई कशासाठी? उद्यानं काय पळून जाणार आहेत?”

मिरेया पेन्सिलशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, “उद्यानं नाही जाणार. पापांची नजर जातेय.”

तिचे वडील आन्सेल्मो यांनी चाळीस वर्षं ट्रक चालवला होता. मेक्सिकोच्या सीमेवरच्या नोगालेसहून टोमॅटो भरायचे आणि नासायच्या आत उत्तरेला यूटातलं सॉल्ट लेक शहर गाठायचं. साऱ्या वाळवंटातून ते शेकडो वेळा गेले, पण एकदाही कुठं थांबले नाहीत. आता त्यांच्या नजरेचा मधला भाग विझत चालला होता. डॉक्टरांनी फार तर वर्षभराचा अवधी सांगितला होता.

“म्हणून आठ,” मिरेया म्हणाली. “जेवढं राहिलंय तेवढं सगळं दाखवायचंय मला त्यांना.”

एमेटनं नकाशाची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाला, “आणि त्यांना काय बघायचंय? विचारलंत?”

बस्स. तेवढंच. पण मिरेयाला ते असं लागलं, असं लागलं… तिनं नकाशा कसाबसा गोळा केला.

“पाच उन्हाळे दगड राखले म्हणून सगळ्यांना आयुष्याचा रस्ता दाखवायची गरज नाही तुम्हाला!”

आणि अर्धवट ओले पडदे काखोटीला मारून ती निघून गेली.

रागानं दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तव्यावर मक्याच्या टॉर्टिया भाजता भाजता तिनं पापांना विचारलंच. अगदी पाठमोरी राहून, जणू मिठाचा डबा कुठंय असं विचारावं तसं.

“पापा, तुम्हाला नक्की काय बघायचंय?”

म्हातारा हसला. “विचारलंस एकदाचं! मला वाटलं, कुठं चाललोय ते गाडीत बसल्यावरच कळणार.” बोटांनी टॉर्टिया चाचपत ते म्हणाले, “मोआब गाव सोडलं की डावीकडे एक पाटी लागायची. कॅनियनलँड्स. दर खेपेला वाटायचं, वळावं. दर खेपेला मागचे टोमॅटो आठवायचे. मला तिथं वळायचंय, पोरी. एक खुर्ची टाकायची आणि बसायचं. बाकीची सात तू ठेव.”

मिरेयाच्या डोळ्यांत पाणी आलं. तव्यावरची टॉर्टिया करपली.

“आणि त्या लाँड्रीवाल्यालाही घेऊन ये एकदा जेवायला.”

“कुठला लाँड्रीवाला?”

“महिन्यात तीनदा पडदे धुणाऱ्या घरात राहतो मी. आंधळा होतोय, खुळा नाही.”

रविवारी ती तासभर आधीच जाऊन बसली. एमेट आला नाही. बारा वाजले, एक वाजला. दोघांनी एकमेकांचा फोन नंबरसुद्धा घेतला नव्हता — आधी कुणी मागायचा, या हट्टापायी. शेवटी मिरेया उठली आणि गाडी काढून थेट रोपवाटिकेत गेली.

तो मागच्या वाफ्यापाशी उकिडवा बसला होता. त्याच्या मनगटाला चोया निवडुंगाचा अख्खा काटेरी गोळा चिकटला होता, आणि तो डाव्या हातानं त्याच्याशी झटापट करत होता. तिला पाहून तो थबकला.

“माझा काटा काढायला आलात?”

“आधी हातातला काढते. मग तुमचं बघते.”

तिनं केसांतला कंगवा काढला, त्याच्यासमोर मातीतच बसली आणि कंगव्याचे दाते गोळ्याखाली अलगद सरकवले. त्याचा हात तिच्या गुडघ्यावर होता. मातीला ओला वास येत होता.

“आई गं…”

“हलू नकोस!”

तो हलला नाही. पण हसला. “आत्ता ‘नकोस’ म्हणालात.”

“काटे काढताना अहो-जाहो करता येत नाही.” तिनं झटका दिला, गोळा दूर जाऊन पडला. बारीक काटे उरले होते. ते एकेक करून वेचताना, वर न बघताच ती म्हणाली, “विचारलं मी पापांना. तुझं बरोबर होतं. लाँड्रीत का नाही आलास?”

“वाटलं, तुला मी नको असेन तिथं.” तो जरा थांबला. “आणि… एक सांगायचं होतं. ते सांगायचा धीर होत नव्हता. उद्यानातून पत्र आलंय. कायमची नोकरी. एक एप्रिलला कॅनियनलँड्सला हजर व्हायचंय.”

मिरेयाचा हात थांबला. केवढी आनंदाची बातमी! तिनं आनंदानं म्हणायला हवं होतं, अभिनंदन. तिनं म्हटलंही. पण आवाज काही तिचा वाटला नाही.

“काटा राहिलाय का अजून?” त्यानं हळूच विचारलं.

“हो,” ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी तो जेवायला आला. आन्सेल्मोंनी त्याला चिल्तेपिन मिरच्यांची तिखटजाळ चटणी वाढली आणि त्याच्या कपाळावर घाम येईपर्यंत वाट पाहिली.

“कसं आहे?”

“उत्तम आहे, सर,” डोळे पुसत एमेट म्हणाला.

“सर नको. ट्रक चालवायचो मी.” म्हातारा खूश झाला होता. “तुला तिकडे जायचंच आहे, आम्हालाही तिकडेच यायचंय. मला स्टिअरिंग धरता येत नाही, आणि ही पोरगी स्टिअरिंगवर बसली की घड्याळाकडे बघते, रस्त्याकडे नाही. तू चल आमच्याबरोबर.”

मग तिघांनी मिळून नवा बेत आखला. दिवसाला फार तर चार तास गाडी. वाटेत दगड झालेल्या प्राचीन झाडांच्या रानात एक अख्खी दुपार. आणि शेवटचे तीन दिवस एकाच जागी. मिरेया पेन्सिल धरून बसली होती, पण लिहायला फारसं काही नव्हतंच. एमेटच्या मनगटावरचे लाल ठिपके तेवढे तिला सारखे दिसत होते.

मार्चच्या शेवटच्या दिवशी, सकाळी, ते तिघं कॅनियनलँड्सच्या कड्यावर होते. आन्सेल्मो घोंगडी पांघरून खुर्चीत बसले होते. मान किंचित तिरकी करून, उरलेल्या नजरेनं ती लालजांभळी दरी बघत होते. त्यांच्या मागं थोड्या अंतरावर, एका सपाट दगडावर मिरेया आणि एमेट.

“उद्यापासून मी इथला,” तो म्हणाला. “टुसॉन नऊ तास दूर…”

“साडेनऊ. मी मोजलंय.”

“मग?”

“मग काय… महिन्यातून एकदा मी येईन, एकदा तू ये. जून-जुलैत शाळा नसते, बसगाड्या नसतात. तेव्हा पापांना घेऊन मी इथंच.” ती भरभर बोलत होती, श्वास न घेता. “सगळं आखून झालंय माझं. फक्त तुला विचारायचं राहिलंय. मला तू आवडतोस, एमेट. फार. म्हणून विचारते… चालेल का तुला?”

एमेटनं दगडावरचा एक खडा उचलला, पुन्हा ठेवला. एरवी कसा चुरुचुरु बोलायचा…

“हो म्हण रे बाबा!” पुढून, न वळता, आन्सेल्मो ओरडले. “कान शाबूत आहेत माझे. आणि कॉफी गार होतेय.”

मिरेयाला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. एमेटनं तिचा थंड हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, जाकिटाच्या आत, छातीशी धरला.

“हो,” तो म्हणाला. “हो, मिरेया.”

मग तो उठला, आणि तिघांसाठी कॉफी ओतायला लागला.