शनिवारी आटणारं टाकं

“खट्!”

लोखंडी जाळीच्या दाराला कुलूप लागलं. पाठोपाठ चपला फटक फटक वाजत उतारावरून खाली गेल्या. लेण्यात उरली तीन मुलं, असंख्य वटवाघळं आणि कोनाड्यातला एक शेंदूर फासलेला दगड.

“आता तरी हात काढ की, ताई!” रुचिर आसावरीच्या तळव्याआडून घुसमटत म्हणाला.

आसावरीनं त्याच्या तोंडावरचा हात काढला.

“मी ओरडणारच होतो! ओरडलो असतो तर महिपतीभाऊंनी लगेच दार उघडलं असतं!”

“आणि विचारलं असतं, चोरून आत कशाला शिरलात?”

“मग सांगितलं असतं! आता कुणाला सांगू? या वटवाघळांना?”

हिशेब सरळ होता. दार उघडं दिसलं म्हणून आत शिरायची कल्पना आसावरीची. पावलं वाजताच खांबाआड लपायची कल्पनाही तिचीच. महिपतीभाऊंनी आत न बघताच कुलूप लावलं हे खरं. पण अकरा वर्षांच्या आतेभावाचं तोंड काही त्यांनी दाबलं नव्हतं.

“फोन?” तिनं विचारलं.

“तुझा माझ्या आईकडं चार्जिंगला. माझा आई देत नाही. कोमल?”

“आमच्या घरात एकच हाय, अन् तो दादांच्या खिशात,” कोमल म्हणाली. ती जाळीला नाक लावून बाहेर बघत होती. बाहेर मे महिन्यातलं दुपारचं दोनचं ऊन, आणि तव्यासारखा तापलेला काळा कातळ. माणूस सोडाच, कावळासुद्धा नव्हता.

आता या तिघांची ओळख. आसावरी तेरा वर्षांची, तळेगावची. सुट्टीसाठी ती लोणावळ्याच्या अलीकडच्या गावात वासंतीआत्याकडं आली होती. आत्या, म्हणजे रुचिरची आई, शाळेत इतिहास शिकवायची. सुट्टीत भाचीला मोकळं सोडील तर ती आत्या कसली! तिनं आसावरीला एक वही दिली. प्राचीन जगातली साम्राज्यं, तत्त्वज्ञानं आणि धर्म यांमधले पन्नास शब्द. पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात रोजच्या पाहण्यातलं उदाहरण.

पहिले दोन रकाने आसावरीनं दोन दिवसांत उरकले. तिसऱ्यात मात्र तिनं माणसं भरायला घेतली. ‘स्टोइक : जे टाळता येत नाही ते शांतपणे सोसणारा.’ पुढं लिहिलं, आत्याच्या घरासमोरचा बैल. ‘एपिक्युरियन : सुखात जगणं हेच चांगलं मानणारा.’ पुढं लिहिलं, रुचिर.

“हे चूक आहे!” रुचिर तेव्हा भांडला होता. “एपिक्युरस साधं जेवायचा. आईनंच सांगितलंय!”

“तू साधं जेवतोस?”

“साधंच जेवतो. फक्त जास्त!”

‘सत्रप : प्राचीन इराणच्या सम्राटानं प्रांतावर नेमलेला अधिकारी.’ पुढं अर्थातच महिपतीभाऊ. गावानं त्यांना लेण्याची राखण दिली होती. किल्ली ते कमरेच्या करगोट्याला बांधायचे आणि चालताना मुद्दाम वाजवायचे.

कोमल बारा वर्षांची. लेण्याखालच्या डोंगरपट्टीवर वीस घरांची वाडी आहे, ती तिथली. या वाडीचं पाणी म्हणजे लेण्याचं टाकं. दोन हजार वर्षांपूर्वी खडकात खोदलेलं, पोटात खांब सोडलेलं, लांबलचक. त्याचं एक तोंड लेण्याच्या आत, कुलूपबंद. दुसरं भिंतीपलीकडं, उघड्यावर. तिथून एकोणीस पायऱ्या खाली उतरतात. वाडीतल्या बाया पाण्याची पातळी पायरीवरून सांगतात. एकोणिसावी पायरी उघडी पडली की खाली नुसता गाळ, माणूस रुतेल एवढा खोल.

“औंदा पानी लय बिगीनं चाललंय,” सरूमावशी दहा दिवसांपूर्वी म्हणाल्या होत्या. डोक्यावर दोन हंडे आणि तोंडात पान असताना त्या बोलल्या की साऱ्या वाडीला ऐकू जायचं.

“उन्हाळा कडक आहे हो यंदा,” आत्यानं उत्तर दिलं होतं. सरपंचांनीही तेच सांगितलं. महिपतीभाऊंनी तर सर्वांत जोरात सांगितलं.

आसावरीनं मात्र रोज पायऱ्या मोजून वहीच्या शेवटच्या पानावर लिहिल्या. शनिवारी सकाळी चौदावी उघडी. सोमवारी सकाळी सतरावी! पुढं शुक्रवारपर्यंत फक्त अर्धी पायरी पाणी उतरलं.

“ऊन काय शनिवार-रविवार बघून पडतं?” तिनं विचारलं होतं.

त्यावर मोठी माणसं हसली होती. आणि म्हणून आज शनिवारी तिघं टेहळणीला आली. करवंदीच्या जाळीत लपवलेली एक काळी नळी त्यांना सापडली. नळीमागून येत येत ती उघड्या दारापर्यंत पोचली आणि पुढचं सगळं घडलं.

“हितं बगा!” कोमलनं हाक मारली.

डावीकडच्या कोठडीत, जिथं एके काळी भिक्खू झोपायचे त्या दगडी ओट्यावर, विजेची पेटी ठेवली होती. एक बटण हिरवं, एक लाल. पेटीतून निघालेली वायर आणि काळी नळी दोन्ही टाक्याच्या तोंडातून खाली गेल्या होत्या. कान दिल्यावर पाण्याच्या पोटातून बारीक घूंऽऽ ऐकू आलं.

“पाण्यात बुडवून ठेवायची मोटर!” रुचिर म्हणाला. “म्हणून बाहेर आवाज येत नाही!”

“अन् खालच्या सडकंला टँकर,” कोमल म्हणाली. “शनवार-रविवारी खंडाळ्याला लय पावनं येत्यात. बंगल्यात पव्हायला पानी नको व्हय?”

तिचा आवाज एकदम बसला. आसावरीला कारण माहीत होतं. कोमलच्या वडिलांनी, अमृतभाऊंनी, ठरवलं होतं की टाकं आटतंय तर दोन्ही म्हशी विकायच्या आणि तळेगावाजवळ आंबीला एखाद्या कंपनीत कामाला जायचं. सगळ्या घरानं. म्हशींचा व्यापारी आजच संध्याकाळी येणार होता.

तिघांनी जाळी हलवून पाहिली. रुचिरनं “वाचवाऽऽ!” म्हणून अशी आरोळी ठोकली की वटवाघळांचा एक थवा उठून पुन्हा लटकला. बाहेरून काहीच उत्तर आलं नाही. बाया पाण्याला पाच वाजता येणार. तीन तास! रुचिर जाळीपाशी गेला, तिथून भिंतीपाशी, तिथून पुन्हा जाळीपाशी. त्याचा श्वास भराभर चालला होता.

“ताई, हे छत खाली येतंय का?”

“दोन हजार वर्षं नाही आलं.”

“म्हणजे आता यायची वेळ झाली असेल!”

“अगं बया!” कोमल टाक्याच्या तोंडाशी पालथी पडून आत डोकावत होती. “भिंतीखालनं उजेड दिसतोय!”

आसावरीही पालथी पडली. खरंच! दोन तोंडांच्या मधली खडकाची भिंत पाण्यात उतरली होती. तिची कड आणि पाणी यांच्यामध्ये बाहेरच्या उन्हाची एक पिवळी फट चमकत होती. बोटभर असेल. तिघं बघत राहिली. बघता बघता ती दोन बोटं झाली!

“पाणी उतरतंय!” रुचिरनं उडीच मारली. “अजून एक पायरी उतरलं की डोकं वर ठेवून पलीकडं जाता येईल! ताई, पंपच आपल्याला सोडवतोय!”

“पोहता येतं तुला?”

“कोमलला येतं. ती आपल्याला ओढेल. ओढशील ना, कोमल?”

“व्हय,” कोमल म्हणाली. पण तिनं फटीवरची नजर काढली नाही.

आसावरीनं वही उघडली. साडेसतरा पायऱ्या उघड्या. गाळ एकोणिसाव्या पायरीला. वाडी पाच दिवसांत अर्धी पायरी पाणी वापरते. म्हणजे उरलेल्या दीड पायरीत पंधरा दिवस निघतील. पाऊसही साधारण पंधरा दिवसांवर. बरोबर पुरत होतं! पण एक पायरी पंपानं खाल्ली, तर वाडीला राहणार पाच दिवस.

फट तीन बोटं झाली. तिच्याएवढं सुंदर काहीच आसावरीनं कधी पाहिलं नव्हतं. तिकडं हवा होती, रस्ता होता, आत्याच्या माठातलं थंड पाणी होतं. आणि इथं वटवाघळांचा वास.

“कोमल, तू सांग. बंद करू का पंप?”

“म्या काय सांगू? तुमी पावनी. तुमाला हितं कोंडून आमी पानी राखायचं, ते बरं दिसतं का?”

आसावरीनं वर पाहिलं. टाक्याच्या तोंडावर दगडात जुनी अक्षरं कोरलेली होती. आत्यानं ती मागं वाचून दाखवली होती. कुण्या एका बाईनं ही ‘पोढी’, म्हणजे पाण्याचं टाकं, दान दिलं होतं. कुणाला? तर ‘चातुर्दिस’ संघाला. चारही दिशांनी चालत येणाऱ्या भिक्खूंना, ओळख ना पाळख. वहीत त्या शब्दापुढचा तिसरा रकाना कोराच होता.

“चार दिशांना दिलं होतं म्हणे,” ती पुटपुटली.

“मग टँकरवाला पाचव्या दिशेनं आला वाटतं!” रुचिर म्हणाला. तो भ्यायलेला होता, पण जीभ त्याची शाबूत होती. मग तो फटीकडं बघून, नाक ओढून, हळूच म्हणाला, “कर बंद. मी बसतो. पण मधे बसणार, तुमच्या दोघींच्या.”

“वाळक्या काटकीनं दाब,” कोमल म्हणाली. “वल्ला हात लावू नगं.”

आसावरीनं काटकीनं लाल बटण दाबलं. घूंऽऽ थांबलं. फटही तिथंच थांबली.

इतकी शांतता झाली की तिघांनाही आपण खरोखर कोंडलो गेलोय हे आता कळलं. रुचिर ठरल्याप्रमाणं मधे बसला. काळोख जास्त दाट वाटायला लागला. एक मिनिट. दोन मिनिटं. आणि मग आसावरीनं एकदम मान वर केली.

“अरे, नळी कोरडी पडली!”

“मग?”

“मग टँकर भरायचा थांबला! सत्रप कुणाला भितो?”

“सम्राटाला!”

“आता तो सम्राट खालून ओरडेल, आणि आपला सत्रप धावत वर येईल. चला, उजवीकडच्या कोठडीत! या वेळी तोंड ज्याचं त्यानं दाबायचं!”

खालच्या सडकेवरून हॉर्न ऐकू आला. एकदा, दोनदा, मग लांबलचक. पाठोपाठ फटक फटक करत चपला चढावर येऊ लागल्या. महिपतीभाऊ धापा टाकत दाराशी पोचले. कुलूप उघडलं. “ही लाइट बी आत्ताच जायची व्हती!” असं पुटपुटत त्यांनी कुलूप खिशात टाकलं.

आसावरीचा बेत होता बाहेरून कुलूप लावायचा. कुलूपच खिशात गेलं!

पण महिपतीभाऊंनी आणखी एक गोष्ट केली. कोनाड्यातल्या देवाला हात जोडले आणि दोन्ही चपला काढून उंबऱ्याबाहेर नीट जोडीनं ठेवल्या. वाडीचं पाणी पळवताना त्यांना काही वाटत नव्हतं, पण चपला घालून देवापुढं जाणं? छे, छे! ते त्यांच्यानं झालं नसतं.

ते डाव्या कोठडीत वाकले. तिघं पायातल्या चपलांनिशी उजव्या कोठडीतून सुटली. पहिली कोमल, मग आसावरी, शेवटी रुचिर. आणि उंबरा ओलांडताना रुचिरनं ती जोडी उचलून छातीशी धरली!

“कोन हाय रं तितं?” महिपतीभाऊ गरजले आणि बाहेर धावले.

एक पाऊल, दोन पावलं.

“आई आई आईऽऽ गं!”

मे महिन्यातला दुपारचा कातळ! महिपतीभाऊ एका पायावर नाचले, मग दुसऱ्या पायावर नाचले आणि उड्या मारत परत सावलीत गेले. “पोरांनो! ए बाळांनो! चपला तेवढ्या द्या रं!”

“वाचवाऽऽ असं ओरडा,” रुचिरनं पळता पळता सल्ला दिला. “मीही तसंच ओरडलो होतो!”

अर्ध्या तासानं अख्खी वाडी लेण्यापाशी आली. पुढं सरूमावशी, मागं अमृतभाऊ, त्यांच्यामागं छत्री घेतलेली वासंतीआत्या. महिपतीभाऊ उंबऱ्याच्या आत, सावलीच्या पट्ट्यात पाय आखडून बसले होते. कोठडीत विजेची पेटी, टाक्यात मोटर, कातळावर सबंध नळी. काहीच लपवता आलं नव्हतं.

“मी नुसता किल्लीचा मालक,” ते म्हणाले. “टँकरवाला म्हन्ला, बंगल्यांचे तलाव भरायचेत. मला वाटलं, दोन हजार वर्सं न्हाई आटलं, ते माझ्यानं काय आटतंय?”

“व्हय की!” सरूमावशी कडाडल्या. “दोन हजार वर्सं आटलं न्हाई, कारन तुझ्यासारका राखनदार त्याला कंदी भेटला न्हाई! आन हिकडं किल्ली!”

महिपतीभाऊंनी करगोट्याची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली. सरूमावशींनी ती पदराच्या टोकाला बांधली. पुढच्या ग्रामसभेत काय ते ठरेल, पण पदराची ती गाठ बघून कुणालाही वाटलं नाही की ती किल्ली आता परत जाईल. खालचा टँकर हॉर्न न वाजवता निघून गेला. त्याचा नंबर आत्यानं आधीच फोनमध्ये टिपला होता.

मग आत्या आसावरीकडं वळली. “पायऱ्यांचा हिशेब तू मला दाखवला होतास,” ती म्हणाली. “आणि मी ऊन, ऊन करत बसले. इतिहास शिकवते मी, पण पुरावा समोर असून बघितला नाही. शाबास, पोरींनो!”

“आणि पोरा,” रुचिरनं आठवण करून दिली.

“आन पोरा!” सरूमावशींनी त्याच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. “बंद कुनी केला रं पंप?”

“ताईनं. पण मी मधे बसलो होतो.”

सगळे हसले. अमृतभाऊ तेवढे हसले नाहीत. ते पाण्याकडं बघत होते. आसावरीनं त्यांना हिशेब सांगितला, पंधरा दिवस. त्यांनी तो दोनदा ऐकला, बोटांवर मोजला आणि तडक वाडीकडं उतरायला लागले.

व्यापारी दारात येऊन थांबला होता. एका म्हशीचे दात बघून झाले होते, दुसरीच्या पाठीवर थाप मारणं चाललं होतं.

“न्हाई द्यायच्या,” अमृतभाऊ म्हणाले.

“आवो, सकाळी तर तुमी...”

“सकाळची गोष्ट सकाळी. चहा घ्या अन् सुकरूप जावा.”

कोमल दाराशी उभी होती. केसांत जळमटं, फ्रॉकला वटवाघळांची घाण. अमृतभाऊंनी तिच्याकडं नीट पाहिलं. शाबासकीबिबासकी त्यांना कधी जमली नव्हती. त्यांनी खुंट्याचे दोन्ही दोर सोडले आणि तिच्या हातात दिले.

“जा,” ते म्हणाले. “दोघींना पाजून आन.”