दुसऱ्या मजल्यावर एक माणूस

त्या संध्याकाळी जहांगीरभाई किल्ल्यांचा जुडगा परत करायला निघाले होते. काम म्हणाल तर पाच मिनिटांचं. पण छत्तीस वर्षं कमरेला लटकलेल्या किल्ल्या पाच मिनिटांत सुटत नसतात, म्हणून ते मुद्दाम रेंगाळत, ओळखीच्या प्रत्येक टपरीसमोर थांबत, चहाला नको म्हणत चालले होते.

अहमदपूरच्या एस.टी. स्टँडसमोर गुंडप्पा मार्केट नावाची इमारत आहे. खाली कापडाची आणि बियाण्यांची दुकानं, पहिल्या मजल्यावर दवाखाने, दुसऱ्यावर विम्याची कचेरी. वायरमन, पंपवाला आणि दरवान ही तिन्ही कामं एकट्या जहांगीरभाईंच्या अंगावर. कुठला पंखा सुरू होताना कुरकुरतो, कुठल्या बटणाला बोटभर जास्त जोर लागतो, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. रोज संध्याकाळी साडेसातला दुकानं बंद झाली की ते प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी उभं राहून हाळी द्यायचे, "कोणी हाय का? बंद करून राहिलो." मग खाली येऊन पूर्ण इमारतीचा मेन स्विच ओढायचे. गाव या हाळीवर घड्याळ लावतं, असं मालक शिवलिंगअप्पा म्हणायचे. अप्पांचं स्वतःचं घड्याळ कायम पाच मिनिटं मागं असायचं, पण मालकाला ते कोण सांगणार?

आता हे सगळं यंत्र करणार होतं. आणि गंमत अशी की ते यंत्र त्यांच्याच लेकीनं बसवलं होतं. सुमय्या नांदेडला इंजिनिअर झाली, तिथंच एका कंपनीत लागली, आणि एकटीनं अंगावर घेतलेली तिची पहिली इमारत ही. खोल्याखोल्यांतून, जिन्याच्या प्रत्येक वळणावर छताला तिनं पांढऱ्या डब्या चिकटवल्या. त्या माणसं मोजायच्या. खोली रिकामी झाली की दिवा, पंखा, एसी आपोआप बंद. टाकी भरली की पंप बंद. कुठं काय चाललंय ते सगळं मोबाइलवर दिसायचं. पहिल्याच महिन्यात मीटर निम्म्या चालीनं फिरायला लागला, तेव्हा अप्पांनी तोंडभर कौतुक केलं.

एक नियम मात्र सुमय्यानं स्वतःहून घातला होता. सगळ्या मजल्यांचा आकडा शून्य झाल्याशिवाय मेन पडायचा नाही.

"तुमचीच सवय मशिनीला शिकवली, अब्बा," ती म्हणाली होती.

जहांगीरभाई तेव्हा हसले. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

आणि नेमका हा नियमच अंगाशी आला. गेले पाच दिवस सगळी माणसं घरी गेली, कुलपं लागली, तरी मोबाइलवर एकच आकडा दिसायचा. दुसरा मजला : एक. मेन पडत नव्हता, जिन्यातले दिवे पहाटेपर्यंत जळत होते. सुमय्यानं डबी दोनदा बदलली. आकडा तोच. शेवटी अप्पा वैतागले.

"पोरी, आज शून्य दाव. न्हाईतर उद्या समदं काढून ने. रिकाम्या मजल्यावर माणूस दावणारी मशीन मला कशाला? भाडेकरू पळून जातील की."

लहानपणी मार खाल्ल्यावर सुमय्या जशी ओठ आवळून बसायची, तशीच बसली. जहांगीरभाईंना ते बघवलं नाही. कारण दुसऱ्या मजल्यावर कोण आहे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

विम्याच्या कचेरीच्या जागी पूर्वी विरूपाक्ष सरांचा टायपिंगचा क्लास होता. काय दिवस होते ते. वीस-बावीस मशिनी एका वेळी चालायच्या, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज खाली स्टँडपर्यंत यायचा. बिलोली, देगलूरची पोरंपोरी इथं खोली करून राहायची, का तर कोर्टात, तहसिलीत कारकून व्हायचं. रिबनच्या शाईचा आणि मशिनच्या तेलाचा वास जिन्यात भरून असायचा. सर अंगानं किरकोळ, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आवाज इतका हळू की पोरं टायपिंग थांबवून ऐकायची. जहांगीरभाईंचा वायरमनच्या परवान्याचा अर्ज सरांनीच टाइप करून दिला होता. एका चुकीपायी पूर्ण कागद फाडून त्यांनी नव्याने केला होता. असा माणूस पुन्हा भेटला नाही, हे जहांगीरभाई आजही उघड सांगतात.

जे सांगत नाहीत, ते असं. चोवीस वर्षांपूर्वी त्यांची बायको फरीदा बाळंतपणाला नांदेडला माहेरी गेली होती. एका संध्याकाळी तिच्या भावाचा फोन क्लासवर आला. त्या काळी पूर्ण मजल्यावर फोन तेवढाच. सर स्वतः जिन्याच्या कठड्याशी आले, वरूनच म्हणाले, "जहांगीर, तुज्या घरी वेळ आलीय. पळ. गाडी लागलीय नांदेडची."

जहांगीरभाईंनी मेन ओढला आणि पळाले. हाळी दिली नाही. ज्या माणसानं निरोप दिला तो माणूस अजून वरच आहे, मशिनींवर कापडं घालतोय, एवढंही त्यांच्या डोक्यात आलं नाही. सकाळी झाडणारी बाई आली तेव्हा सर जिन्याच्या वळणावर पडलेले होते. लोडशेडिंगचे दिवस होते. अंधारात पाय गेला, सरांना लोडशेडिंगनं खाल्लं, असंच गाव म्हणालं. त्या संध्याकाळी गावात वीज होती हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. नांदेडहून पेढे घेऊन आलेले जहांगीरभाई स्टँडवरच ही बातमी ऐकून बसले, आणि ते पेढे त्यांनी कुणाला दिले नाहीत.

त्यानंतर त्यांनी एक दिवस हाळी चुकवली नाही. फक्त दुसऱ्या मजल्यावर हाळी दिली की उत्तराची वाट न बघता ते भराभर खाली उतरायचे.

ते मार्केटात पोचले तेव्हा दुकानं उठली होती. सुमय्या खाली मेनजवळ एकटीच उभी होती, हातात नवी डबी.

"राहू दे, बेटा," ते म्हणाले. "मी बोलतो अप्पांशी."

"काय बोलणार, अब्बा?"

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही. चोवीस वर्षं जे घशात अडकलं होतं, ते ओठापर्यंत आलं आणि परत गेलं. तुझ्या जन्माच्या घाईत मी एका देवमाणसाचा जीव घेतला, हे लेकीला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"काई न्हाई," ते म्हणाले.

"मग हा मोबाइल धरा. मी वर जाऊन डबी बदलते. आकडा हलला की आवाज द्या."

ती वर गेली. तिच्या चपलांचा आवाज एकेक वळण घेत लांब गेला. जहांगीरभाईंनी मोबाइल डोळ्यांशी नेला. तळमजला : एक. ते स्वतः. दुसरा मजला : एक. सुमय्या वर पोचली होती, खुर्ची ओढल्याचा आवाज आला होता. मग आता तिथं आधीचा एक आणि ती मिळून दोन दिसायला हवे होते.

एकच दिसत होता.

"बेटा..." त्यांनी हाक मारली. "खाली ये."

"झालंच, अब्बा. आले."

तिचं पाऊल जिन्यावर वाजलं आणि आकडा हलला. दुसरा मजला : शून्य. मग पहिला : शून्य. मग त्यांच्या डोळ्यांदेखत तळमजला : शून्य. ते तिथं उभे होते, श्वास घेत होते, घाम फुटला होता त्यांना. पण यंत्राच्या लेखी इमारतीत कुणीच नव्हतं.

खटकन मेन पडला.

पूर्ण इमारत काळोखात बुडाली. जहांगीरभाईंनी दांडा वर ढकलला, तो जागचा हलेना. मोबाइलचा उजेड जिन्यावर मारला, तो पहिल्या वळणाच्या पुढं जाईना. वरचं दुसरं वळण, सर पडले होते ते, त्यांच्या डोळ्यांपुढं आलं, आणि ते दांडा धरूनच राहिले. हाळी द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात वरून सुमय्याचा आवाज आला. अगदी शांत.

"बरं झालं आलात, अब्बा... काईच दिसत न्हाई... हात सोडू नका."

जहांगीरभाईंचा एक हात मेनच्या दांड्यावर होता, दुसऱ्यात मोबाइल होता.

पावलं उतरू लागली. चपलांचा आवाज, आणि त्याच्या जोडीला अनवाणी पावलांचा, सावकाश, प्रत्येक पायरीवर थोडं थांबत. वळणाशी दोन्ही आवाज थांबले. कुणीतरी फार हळू काहीतरी बोललं. सुमय्या हसली. मग पावलं पुन्हा उतरू लागली. कुठूनसा शाईचा आणि तेलाचा वास आला.

दिवे आपोआप लागले. सुमय्या शेवटच्या पायरीवर उभी होती. तिचा उजवा हात किंचित पुढं होता, पंजा अजून मिटलेला. समोर वडलांना बघून ती गोंधळली.

"तुम्ही माझ्याआधी खाली कसे पोचलात?"

जहांगीरभाईंनी दांड्यावरचा हात काढला.

"आणि अंधारात ही काय मस्करी, अब्बा?" ती म्हणाली. "हळूच विचारता, काय झालं, मुलगा का मुलगी? मी म्हटलं, आधी खाली चला, मग सांगते."

तिनं त्यांच्या हातातला मोबाइल घेतला, बघितला आणि जीभ टाळ्याला लावून च्च केलं. दुसरा मजला : शून्य. पहिला : शून्य. तळमजला : तीन.

"बघा. आता खाली एक जास्त दावून राहिलं."

जहांगीरभाईंना रडू येत होतं. भीतीनं की कशानं, ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि लेकीच्या शेजारच्या रिकाम्या पायरीकडं बघितलं.

"मुलगी झाली, सर," ते म्हणाले. "ही सुमय्या."

"कुणाशी बोलून राहिलात, अब्बा?"

मोबाइलवरचा आकडा तीनच राहिला. मार्केटचं दार उघडं होतं, बाहेर स्टँडवर माणसांची वर्दळ चालू होती, पण तिघांपैकी कोणीच आधी पाऊल बाहेर टाकत नव्हतं.