बंद शाळेतली शिकवणी

मंगलीची दशांशाची सगळी गणितं बरोबर आली, तेव्हा ललिताला आनंदाआधी भीतीच वाटली.

भावाची ही सहावीतली पोर. आईबाप मिरची तोडायला तेलंगणात गेलेले, म्हणून ती आत्याजवळ राहायची. परवापर्यंत ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं, असं ठासून सांगणारी. अंगणवाडीत काम करणाऱ्या आत्यालाही ते नीट समजावता येत नव्हतं.

"कोणं शिकवलं तुले?"

"आपल्या शाळेतल्या सरांनी. मी खिडकीपाशी बसते, ते आतून सांगतात."

ललिताच्या अंगावर काटा आला. गावची शाळा बंद होती. तिथे एकटेच शिकवणारे हेमराज सर मागच्या हिवाळ्यात तापाने गेले आणि पोरं बसने चामोर्शीला जाऊ लागली.

मंगलीचा हात धरून ती तशीच निघाली. सांज उतरत होती. सागाची वाळली पानं पायाखाली कुरकुरत होती. जंगलाच्या कडेची वानरं एकाएकी गप्प झाली. शाळेचं दार उघडं होतं... आणि आत कोणीतरी स्वतःशीच बोलत होतं. आवाज हेमराज सरांचा.

"कोण आहे?" ललिताने कसंबसं विचारलं.

दारात एक तरुण आला. तिच्याइतकाच दचकलेला.

"भिऊ नका, बाई. मी प्रफुल्ल, हेमराजचा लहान भाऊ. ऊर्जानगरले असतो. दादाचं सामान न्याले आलो."

"मंग तुमीच शिकवता होय हिले? आवाज तं तोच आहे."

"मी? मी तं आज दुपारी आलो. कुलूप गंजलं होतं, तेल घालून उघडलं."

तिघंही आत वळली. सगळीकडे धुळीचा थर. फळ्यावर मात्र ताज्या खडूने लिहिलेलं — ०.३५ आणि ०.४०. प्रफुल्ल पाहतच राहिला.

"दुपारी तं फळा कोरा होता... चार असाच काढे दादा," तो पुटपुटला.

त्याने आकड्यांकडे हात नेला. ललिताने तो धरला, आणि धरल्यावर सोडायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही.

त्यानंतर प्रफुल्ल दर रविवारी मोटारसायकलने येऊ लागला. मंगलीला पडवीत बसवून शिकवायचा. नजर मात्र चुलीकडे.

"दशांशात शेवटी शून्य मागे लागलं तं किंमत बदलत नाई," तो म्हणायचा. "माह्यासारखं... कोणाच्या मागे लागलो तरी त्यायले फरकच नाई."

"फरक नाई, हे कोणं सांगतलं तुमाले?" ललिता धुरात डोळे पुसत हसायची.

याच्या पुढे मात्र त्याची जीभ रेटत नव्हती.

धान कापणीला आलं, तेव्हा एका संध्याकाळी मंगली शाळेकडून सावकाश चालत आली. प्रफुल्ल निघायच्या तयारीत होता.

"सर गेले," ती म्हणाली. "आता मले सगळं येते म्हणे. पुन्हा नाई येणार."

वारा पडला होता, तरी बांबूचं बेट हललं.

"अजून काई म्हणाले?" प्रफुल्लने हळूच विचारलं.

"आत्याले निरोप देला. प्रफुल्ल लहानपणापासून भित्रा आहे म्हणे. तो विचारणार नाई, तूच विचार."

प्रफुल्लचे डोळे भरून आले. ललिताने पदर सावरला, एकदा अंधारातल्या शाळेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"माह्याशी लगन करता?"

"हो," तो म्हणाला. आवाज दादासारखाच, पण कापरा... आणि जिवंत.