चौकटीवरची धाकटी

दूरदेशी शिकून परतले ती एकच ध्यास घेऊन: आमच्या घराण्याची वंशावळ पुरी करायची. जंगल तोडून पहिली वस्ती उभारणारी माणसं ही! कोण कुठून कुठं गेलं, कोणाची लेक कोणाच्या घरी दिली, सगळं मी मोठ्या कागदावर मांडत होते. लग्नाला जोडरेघ, मुलांना खाली फांदी.

राहिली होती फक्त आत्याच्या घराची चौकट. आमची माणसं मुक्काम हलवताना घर सोडत, पण दाराची चौकट उखडून बरोबर नेत. तिच्यावर प्रत्येक मुलाच्या उंचीची खाच होती, नव्या सुनेचीसुद्धा. आत्याचे गुडघे गेलेले; तिला माझ्याकडे आणायचं होतं. निघण्याआधी मी खाचा चाचपत होते आणि ती खुर्चीतून नावं सांगत होती.

"ही तुझी आजी. नवी नवरी, अंबाड्यासकट मोजून घेतलंन्, लबाड कुठली!"

माझ्या कमरेशी एक खोल खाच होती. तिला ओल्या मातीचा वास येत होता.

"आणि ही?"

आत्याचा आवाज खाली आला. "धाकटी. पहिल्या प्रवासात जंगलात हरवली... घरचे शोधून थकले, मग पुढं निघाले. तेव्हापासून घर बदललं की तिला हाक मारायची. नव्या जागी खाच पुन्हा ताजी दिसते. तेवढीच. वाढतच नाही गं... तिला कुणी कुठं मांडलंच नाही."

चौकट माझ्या फ्लॅटमध्ये मावणार नव्हती. "मग मीही येत नाही. तिला टाकून नाही," आत्या म्हणाली.

मला भरून आलं. मी कागद उलगडला आणि मूळ जोडप्याखाली फांदी काढून लिहिलं: धाकटी. "झाली घरातली. चल गं धाकटे, आत्याला घेऊन!"

आत्या माझा हात धरून उठली.

आठवडाभरात माझ्या फ्लॅटच्या दाराच्या रंगवलेल्या चौकटीवर खाच उमटली. मग तिच्या वर एक. मग आणखी वर. संध्याकाळी आत्याचा आवाज येई, "ताठ उभी राहा. टाचा उचलू नकोस..." मला भीती वाटायची, आणि खरं सांगते, मायाही.

खाच माझ्या खांद्याशी आली तेव्हा मात्र मी खाचा बुजवायला सुताराला बोलावलं. तरुण, शीळ घालत काम करणारा.

"लग्न झालंय का रे तुझं?" आत्यानं विचारलं.

"मला कोण देणार मुलगी, आजी!" तो हसला.

त्याच्याबरोबर दारामागं आणखी कुणीतरी हसलं... आत्या तर माझ्यासमोर बसली होती.

मी चहा ठेवायला आत गेले. परत आले तर शीळ थांबलेली.

"गेला वाटतं," आत्या म्हणाली. तिचा चेहरा लेकीला सासरी पाठवल्यासारखा, हसरा आणि ओला.

तो फोन उचलत नाही. त्याची हत्यारांची पिशवी अजून आमच्या दाराशीच आहे. आणि भिंतीवरच्या वंशावळीत, धाकटीच्या नावाशेजारी, सुताराच्या जाड पेन्सिलीनं ओढलेली जोडरेघ आहे... तिच्याखाली एक फांदीही.